चौदा महिन्यांच्या बाळाला फ्लूची लस: चार हजार रुपये कशासाठी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुमची मुलगी चौदा महिन्यांची आहे आणि गेल्या महिन्यापासून पाळणाघरात जाते. तुमच्या डॉक्टरांनी फ्लूची लस सांगितली आहे. महिन्याच्या अंतराने दोन डोस, एकेकाला दोन हजार, पुढे दरवर्षी एक. तुमच्या मिस्टरांची नोकरी कंत्राटी, खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो. घरात अडुसष्ट वर्षांचे सासरे आहेत, त्यांना मधुमेह आणि जुना दमा. सासूबाई म्हणतात की सर्दी-तापावर कसली लस, आमची मुलं अशीच वाढली. पालिकेच्या दवाखान्यात विचारलंत तर ‘ही आमच्याकडे नसते’ असं उत्तर मिळालं. त्यामुळे मनात शंका आली की ही लस खरोखर गरजेची आहे की खाजगी दवाखान्यांची कमाई. आणि शेवटचा प्रश्न, पाऊस तर सुरू झाला, आता घेऊन उपयोग आहे का?

मी मुंबईच्या पूर्व उपनगरांत बालरोगतज्ज्ञ आहे, दोन दशकांहून जास्त काळ. ही लस माझ्या दवाखान्यातही दिली जाते आणि ती टोचण्याची फी मी घेते. माझं म्हणणं वाचताना ही गोष्ट तुमच्या लक्षात असू द्या.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. ही लस मुलीच्या तब्येतीला फायद्याची आहे का, हा एक. चार हजार रुपये वसूल होतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ आहे. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येक घरासाठी वेगळं येतं, आणि डॉक्टर मंडळी ते सहसा नीट उलगडून सांगत नाहीत. ओपीडीत एका मुलामागे दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात हा हिशेब मांडता येत नाही. इथे मांडते.

सासूबाईंच्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण तो चुकीचा नाही. सर्दी-पडशावर लस नाहीच. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षात आठ-दहा वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं आहे आणि ती वेगवेगळ्या विषाणूंमुळे होते. फ्लूची लस त्यातल्या एकाच विषाणूवर चालते, इन्फ्लुएन्झावर. लस घेतल्यावरही मुलीचं नाक वाहणार, खोकला येणार. तसं झालं की घरात ‘बघा, पैसे वाया गेले’ असं म्हणतील, म्हणून ही गोष्ट आजच सगळ्यांना सांगून ठेवा.

पण इन्फ्लुएन्झा म्हणजे साधं पडसं नव्हे. सकाळी खेळत असलेलं मूल दुपारी १०३-१०४ तापाने फणफणतं. ताप तीन-चार दिवस, कधी पाच दिवस उतरत नाही. औषधाचा अंमल संपला की पुन्हा चढतो. एवढ्या लहान बाळांना अंगदुखी सांगता येत नाही, ती नुसती किरकिरतात, दूध टाकतात, उलट्या-जुलाब करतात. काहींना तापात झटका येतो, आणि तो पाहिलेले आईवडील पुढची कित्येक वर्षं प्रत्येक तापाला रात्रभर जागे राहतात. थोड्या मोठ्या मुलांमध्ये ताप उतरता उतरता पोटऱ्या इतक्या दुखतात की मूल पाय टेकायला तयार होत नाही. दर पावसाळ्यात अशी दोन-तीन मुलं कडेवरून माझ्याकडे येतात, आणि पाय गेले की काय या भीतीने आईवडिलांचा चेहरा उतरलेला असतो. ते दुखणं चार-पाच दिवसांत आपोआप जातं. काही मुलांमध्ये मात्र फ्लू छातीत उतरतो, किंवा फ्लूने घसा आणि श्वासनलिका खरवडल्यावर मागून जिवाणू शिरतात आणि न्यूमोनिया होतो. कान फुटणं हाही त्याचा एक नेहमीचा परिणाम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी मोठ्या माणसांपैकी ५ ते १० टक्के लोकांना फ्लूची लागण होते, मुलांमध्ये हे प्रमाण २० ते ३० टक्के आहे. म्हणजे शंभर मुलांमागे वीस-तीस. त्यातली बहुतेक घरीच बरी होतात. ॲडमिट करावं लागतं अशी थोडी असतात, पण त्या थोड्यांमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांचा भरणा जास्त. त्यांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद, त्यात सूज आणि कफ आला की दम लागायला वेळ लागत नाही. ‘आमचं मूल तर ठणठणीत आहे’ हा दिलासाही इथे पुरत नाही. अमेरिकेत फ्लूने दगावणाऱ्या मुलांची बारकाईने नोंद ठेवतात. तिथे दिसतं की अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांना आधीचा कोणताही आजार नव्हता, आणि लस घ्यायला पात्र असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के मुलांची त्या वर्षीची लस पूर्ण झालेली नव्हती. मृत्यू फार क्वचित होतात आणि तुम्हाला घाबरवण्याचा माझा अजिबात हेतू नाही. धोका कुठल्या मुलांना जास्त, एवढंच त्यातून कळतं.

आता लस किती चालते? गोवराच्या लसीसारखी ती भक्कम नाही. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लसीतले घटक दरवर्षी नव्याने ठरवावे लागतात. निवड जमली त्या वर्षी फ्लू होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, जमली नाही तर त्याहून कमी फायदा मिळतो. २०१८ साली कॉक्रेनच्या, म्हणजे जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या, अभ्यासकांनी दोन ते सोळा वर्षांच्या मुलांवरचे प्रयोग एकत्र करून तपासले. इंजेक्शनच्या लसीने फ्लूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पण फ्लूसारखी लक्षणं असणारे सगळे आजार धरले तर ते २८ वरून २० टक्क्यांवरच आलं, कारण बाकीचे विषाणू होतेच. दोन वर्षांखालच्या मुलांवरचे असे प्रयोग थोडे आहेत, त्यामुळे तुमच्या मुलीच्या वयाला हे आकडे तंतोतंत लावता येणार नाहीत.

आपल्या देशातला एक अभ्यास मला या सगळ्यापेक्षा जवळचा वाटतो. हरियाणात बल्लभगडजवळच्या तीन गावांत २००९ पासून तीन वर्षं तो चालला. सहा महिने ते दहा वर्षं वयाच्या मुलांपैकी कुठल्या घरातल्यांना फ्लूची लस आणि कुठल्या घरातल्यांना तुलनेसाठी पोलिओची इंजेक्शनची लस द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. फ्लूची लस घेतलेल्या मुलांना पहिल्या वर्षी साधारण २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४१ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ७४ टक्के संरक्षण मिळालं. पहिलं वर्ष स्वाइन फ्लूच्या साथीचं होतं आणि तो नवा विषाणू त्या लसीत नव्हता. वर्षागणिक एवढा फरक पडत असेल तर मी तुम्हाला ‘लस घेतली की फ्लू होणार नाही’ असं कसं सांगू? पण लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो त्यांचा ताप लवकर उतरतो, ॲडमिट करायची वेळ कमी वेळा येते, हे माझ्या ओपीडीत मी वर्षानुवर्षं पाहते आहे, आणि मोठे अभ्यासही तेच सांगतात.

आता पैसे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

समजा शंभर मुलं आहेत आणि लस नसेल तर त्यातल्या वीस जणांना या वर्षी फ्लू होईल. लसीने प्रमाण निम्म्यावर येतं असं धरू. म्हणजे दहा मुलांचा फ्लू टळला. शंभर मुलांना वर्षाला एक डोस, दोन हजारांप्रमाणे दोन लाख रुपये. एक फ्लू टाळायला वीस हजार पडले. पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, म्हणजे चाळीस हजार. पाळणाघरातल्या मुलांमध्ये लागण जास्त होते. शंभरात तीस धरले आणि पंधरा टळले, तर पुढच्या वर्षांत एका फ्लूमागे साधारण तेरा हजार येतात.

दुसऱ्या बाजूला, फ्लूच्या एका साध्या दुखण्याला तुमच्या घरात काय खर्च येईल? डॉक्टरांकडे दोन फेऱ्या, उपनगरात सहाशे-सातशेच्या हिशेबाने तेराशे-चौदाशे. तापाचं औषध, नेब्युलायझरची औषधं, कदाचित कुणी लिहून दिलेलं आणि बहुधा गरज नसलेलं अँटिबायोटिक, असे सात-आठशे. चौथ्या दिवशी ताप उतरला नाही म्हणून रक्ताच्या तपासण्या, हजार-दीड हजार. ताप आलेलं मूल पाळणाघर घेत नाही आणि घेऊही नये, म्हणजे तुमच्या दोघांपैकी एकाला चार-पाच दिवस घरी राहावं लागणार. मिस्टरांचे तीन खाडे झाले तर तीन हजार तरी गेले, आणि पाळणाघराची महिन्याची फी काही कमी होत नाही. सगळं मिळून सहा-सात हजार.

तर नुसत्या रोख हिशेबात, आजच्या खाजगी किमतीत, लसीचे पैसे सरासरीने वसूल होत नाहीत. हे मी स्पष्टच सांगते, कारण ‘लस घ्या, पैसे वाचतील’ असं सर्रास सांगितलं जातं आणि ते या किमतीला खरं नाही. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या घरात बुडणाऱ्या दिवसाची किंमत आणखी जास्त असते, तिथे अंतर कमी होतं. ज्यांना भरपगारी रजा मिळते त्यांच्याकडे ते वाढतं.

पण घराचं कंबरडं सरासरी खर्चाने मोडत नाही, ते मोडतं त्या एका ॲडमिशनने. न्यूमोनिया झाला, ऑक्सिजन लागला, तर उपनगरातल्या मध्यम खाजगी हॉस्पिटलात चार दिवसांचे साठ-सत्तर हजार सहज होतात. अतिदक्षता विभागात न्यावं लागलं तर आकडा लाखांत जातो. वाडिया, सायन, केईएम, नायर अशा ट्रस्टच्या किंवा पालिकेच्या हॉस्पिटलांत खर्च कितीतरी कमी, पण आईवडिलांपैकी एकजण पूर्णवेळ तिथेच आणि दुसरा घर ते हॉस्पिटल अशा फेऱ्यांत. कंत्राटी नोकरी असलेल्या बापाची दहा दिवसांच्या खाड्यानंतर नोकरी टिकेलच असं नसतं, हे मी माझ्या पेशंटच्या घरांत घडताना पाहिलं आहे. मेडिक्लेम आपण वसूल करायला भरत नाही, लागू नये म्हणूनच भरतो. ही लस मी त्याच रांगेत धरते, एवढ्या फरकाने की मेडिक्लेम दुखणं टाळत नाही, लस जमलेल्या वर्षी साधारण निम्मं टाळते.

आणि या हिशेबात अजून तुमचे सासरे आलेलेच नाहीत.

लहान मुलं फ्लूचा विषाणू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस बाहेर टाकतात, आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त. खोकताना तोंडावर हात ठेवणं त्यांना ठाऊक नसतं, आणि दिवसभर ती कुणाच्या तरी कडेवर असतात. तुमच्या घरात ते कडेवर घेणारं माणूस बहुतेक वेळा आजोबाच असणार. मधुमेह आणि दमा असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला फ्लू झाला तर दम उसळतो, साखर बिघडते आणि ॲडमिशनची शक्यता नातीपेक्षा त्यांच्यात जास्त.

मुलांना लस दिल्याने घरच्यांना फायदा होतो का, यावर चांगले अभ्यास झालेत. कॅनडात हटराइट समाजाच्या शेतकरी वसाहती आहेत, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न ठेवणाऱ्या. तिथे तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली, तर लस न घेतलेल्या बाकीच्या लोकांमधला फ्लू ६१ टक्क्यांनी कमी झाला. हा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये पाळणाघरातल्या मुलांवर एक छोटा अभ्यास झाला होता. लस घेतलेल्या मुलांच्या घरी, लस न घेतलेल्या माणसांची तापाची दुखणी ४२ टक्क्यांनी कमी दिसली. बल्लभगडला मात्र पहिली दोन वर्षं घरच्यांना असा फायदा दिसला नाही, तिसऱ्या वर्षी दिसला. मुंबईत तर घरातला प्रत्येकजण रोज लोकलच्या गर्दीतून येतो, विषाणू एकट्या मुलीकडूनच येईल असं नाही. म्हणून नातीच्या लसीवर आजोबांचं संरक्षण सोपवू नका. त्यांना स्वतःला फ्लूची लस द्या, मोठ्यांना दरवर्षी एकच डोस लागतो. पैसे मोजकेच असतील आणि घरात एकूण तीनच डोस परवडत असतील, तर माझ्या मते दोन मुलीला आणि एक सासऱ्यांना. तुम्ही दोघं तरुण आणि तब्येतीने चांगले आहात, तुमचा नंबर नंतर.

‘सरकार देत नाही म्हणजे गरज नाही’ हा तर्क मला रोज ऐकू येतो. त्याचं उत्तर द्यायला दुसऱ्या दोन लसींकडे पाहू. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकॉकलची लस महाराष्ट्रात मोफत मिळू लागली २०२१ मध्ये, जुलाबांवरची रोटाव्हायरसची २०१९ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं त्या दोन्ही फक्त खाजगीत पैसे मोजून मिळत होत्या, आणि त्या काळातही न्यूमोनिया आणि जुलाब मुलांना होतच होते. सरकारला कोट्यवधी मुलांचा विचार करावा लागतो. फ्लूची लस दरवर्षी नव्याने द्यावी लागते, नवा साठा, नवी मोहीम, आणि तेवढ्याच पैशात दुसरे आजार जास्त टळत असतील तर ते आधी येतात. हा निर्णय समजण्यासारखा आहे. इंग्लंडने २०१३ पासून लहान मुलांना नाकात फवारायची फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. तिथे सरकार घाऊक भावाने लस घेतं आणि मुलांमुळे वाचणारी म्हातारी माणसंही हिशेबात धरतं, म्हणून त्यांचं गणित जुळतं. आपल्याकडे आयएपी, म्हणजे बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना दरवर्षी ही लस द्यावी असं सांगते. घाऊक सरकारी भावात ती किमान दोन वर्षांखालच्या मुलांना मोफत मिळावी, असं मला मनापासून वाटतं, कारण जिला सगळ्यात जास्त गरज ती झोपडपट्टीतली आई दोन हजार रुपये कुठून आणणार?

पालिकेच्या केंद्रावरून आठवलं, फाइल काढून एक तपासा. नऊ महिन्यांची गोवर-रुबेला आणि न्यूमोकॉकलचा बूस्टर झालाय ना? त्या मोफत आहेत आणि फ्लूच्या लसीआधी त्यांचा मान. फ्लूनंतर होणाऱ्या न्यूमोनियात न्यूमोकॉकस हा जिवाणू बऱ्याचदा असतो, त्यामुळे ती लस इथेही उपयोगी पडते. काही आयांना वाटतं की पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीत, ‘इन्फ्लुएन्झा’ लिहिलेलं असतं, मग फ्लूची झालीच की. तो हिब नावाचा जिवाणू आहे, फ्लूशी त्याचा संबंध नाही.

मग प्रत्येक मुलाला घ्यायलाच हवी का? मी सगळ्यांना एकाच सुरात सांगत नाही. दोन वर्षांखालची मुलं, बालदमा असलेली, हृदयात छिद्र असलेली, वेळेआधी जन्मलेली, किडनीचा आजार किंवा स्टेरॉइड चालू असलेली, यांच्या बाबतीत मी आग्रह धरते. सहा महिन्यांखाली ही लस देता येत नाही, म्हणून तिथे गरोदरपणी आईला दिलेली लस बाळाला राखते. चार वर्षांचं धडधाकट मूल, घरात आई पूर्णवेळ, म्हातारं कुणी नाही, आणि पैशांची खरोखर ओढाताण, अशा घराला मी सांगते की जमलं तर घ्या, नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. पाच वर्षांनंतर निरोगी मुलाच्या बाबतीत तर मी विषय स्वतःहून काढत नाही. तुमचं घर मात्र पहिल्या गटात बसतं. वय, पाळणाघर, आजोबा, कंत्राटी पगार, चारही गोष्टी एकाच बाजूला झुकतात. माझी मुलगी असती तर मी घेतली असती.

आता वेळेचं. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत फ्लू हिवाळ्यात येतो. मुंबईत त्याचा मोठा हंगाम पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आणि एक लहान उसळी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. पहिल्यांदा लस घेणाऱ्या मुलाला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि दुसऱ्यानंतर अंगात ताकद यायला आणखी दोन आठवडे. म्हणून आदर्श वेळ म्हणजे एप्रिलमध्ये पहिला, मेमध्ये दुसरा. दक्षिण गोलार्धासाठी ठरवलेल्या घटकांची लसही साधारण त्याच सुमारास बाजारात येते.

ती वेळ गेली हे खरं, पण हंगाम अजून तीन महिने आहे. आता जूनअखेर पहिला डोस घेतलात तर जुलैअखेर दुसरा होईल आणि ऑगस्टच्या मध्यापासून, म्हणजे गणपतीच्या गर्दीच्या आधी बहुधा, चांगलं संरक्षण तयार असेल. ज्या मुलाला आधी कधीच फ्लू झालेला नाही त्याला एका डोसाचा फायदा फार कमी, म्हणून दुसरा टाळू नका. पहिल्या वर्षी एकच डोस झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा दोनाने सुरुवात करावी लागते, म्हणजे पैसेही जास्त. पुढच्या वर्षीपासून एक डोस, मेमध्ये. दोन डोस वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी चालतात.

दवाखान्यात गेल्यावर खोका बघायला मागा. त्यावर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो. गेल्या हंगामाचा उरलेला साठा नको. काही ठिकाणी आता चारऐवजी तीन घटकांची लस मिळते, ती कमअस्सल नव्हे. फ्लूच्या बी विषाणूचा यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे ठामपणे सापडलेलाच नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेच तो वगळायला सांगितलं. केमिस्टकडून लस विकत आणणार असाल तर बर्फाच्या पॅकसह डब्यात आणा, पण बर्फाला थेट टेकवू नका. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि गोठली तर निकामी होते. दवाखान्यातल्या फ्रिजमधलीच घ्यावी, हे मी जास्त पसंत करते.

त्रास काय होतो? टोचलेली जागा दुखते, लाल होते, एक-दोन दिवस बारीक ताप येतो, मूल चिडचिडं होतं. इंजेक्शनच्या लसीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यातून फ्लू होऊ शकत नाही. लस दिली त्याच आठवड्यात सर्दी झाली तर ती पाळणाघरातून आलेली असते, पावसाळ्यात असे योग फार जुळतात. अंड्याची ॲलर्जी असली तरी ही लस देता येते, फक्त डॉक्टरांना तसं सांगा आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबा. दुसऱ्या लसींबरोबर एकाच दिवशी देता येते. तापात झटका येण्याची प्रवृत्ती असेल तर मी न्यूमोकॉकलची आणि ही वेगवेगळ्या दिवशी देते, कारण दोन्ही एकत्र दिल्यावर तसा झटका येण्याची शक्यता किंचित वाढते. जोराचा ताप चालू असेल तर तो उतरेपर्यंत थांबायचं, नुसत्या नाक वाहण्यासाठी थांबायची गरज नाही.

तेव्हा या आठवड्यात मुलीचा पहिला डोस, दुसऱ्याची तारीख तिथल्या तिथे फाइलवर लिहून घ्या, आणि सासऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे त्यांच्या लसीसाठी पाठवा. पाळणाघराच्या ताईंशीही बोला. ताप असलेल्या मुलाला चोवीस तास औषधाशिवाय ताप उतरेपर्यंत घेऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी लसीला मोठी जोड मिळते.

लस घेऊनही ताप आलाच तर पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने द्या, ॲस्पिरिन कधीही देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलाला फ्लूचा संशय असेल तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांना दाखवा, कारण ओसेल्टामिविर हे औषध लवकर सुरू केलं तरच नीट काम करतं. शांत झोपलेली असताना तिचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगाने चालू आहेत. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध-पाणी पोटात टिकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ती उठवूनही गळून जात असेल, तर सकाळची वाट बघू नका. तुमच्या घराजवळच्या कुठल्या हॉस्पिटलात रात्री बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्सिजन असतो हे आजच विचारून ठेवा, आणि नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.